तेवीस चिठ्ठ्या घेऊन आन्सीला

आम्ही दोघं पोराकडे फ्रान्सला चाललो हे गावात कळलं, अन् दुसऱ्या दिवसापासून घरी चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिली चिठ्ठी आमच्याच मिशनमधल्या एका म्हातारीची. म्हणाली, "हे पोपले द्या." मी म्हटलं, "मावशे, पोप रोमले असतेत, आमी फ्रान्सले जाऊन राह्यलो. अन् पोप तर आताच वारले." ती काही मागे हटली नाही. "मंग नवा आला का त्याले द्या."

२१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस गेले होते. ८ मेला नवे पोप लिओ चौदावे निवडले गेले. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या घरी बॅगा भरणं, कुरडया-पापड वजन करून काढणं अन् पुन्हा ठेवणं चाललं होतं. निघेपर्यंत चिठ्ठ्या तेवीस झाल्या. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, रबर लावून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या देणारे आमच्या धर्माचे नव्हतेच. आपल्याकडे देव कोणाचा हे कोणी फार विचारत नाही, काम होतं की नाही तेवढं पाहतात.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात. संत्रा, कपाशी, तूर. गावाच्या कडेला कॅथलिकांची वीस-बावीस घरं, त्या वस्तीला सगळे 'मिशन' म्हणतात. मी अंगणवाडीत सेविका होते, आमचे हे एसटीत कंडक्टर. दोघंही आता रिटायर. मुलगा लिओं शहरात नोकरीला आहे. 'लियॉन' म्हटलं की तो दर वेळी दुरुस्त करतो.

लिओंला जाणं ठरलं तेव्हा आमच्या पॅरिशचे म्हातारे फादर म्हणाले, आयफेल टॉवर राहिला तरी चालेल, आन्सी चुकवू नका. इकडचे जुने मिशनरी फादर त्या गावचे. १८३८ मध्ये तिथं संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावानं मिशनऱ्यांचा संघ निघाला. त्यातले फादर १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले, तिथून कामठी-नागपूर अन् पुढे वऱ्हाडापर्यंत पोचले. नागपूरच्या सदरमधली एसएफएस शाळा १८७० ची, ती याच संघाची. एसएफएस म्हणजे 'सेंट फ्रान्सिस डी सेल्स', हे तिथं शिकलेल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

आमच्या ह्यांच्या घराण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात ह्यांचे पणजोबा पाच-सहा वर्षांचे. मायबाप गेले, अन् कोणीतरी हे पोर मिशनच्या फाटकात आणून सोडलं. तिथं कण्या खाऊन ते वाचलं. त्यांच्या घरात एक रीत आहे. जेवण झालं की ताटाला हात जोडून 'मेर्सी' म्हणायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मारियामातेचंच काहीतरी नाव असेल. सासूला विचारलं तर म्हणे, "आमच्यात असंच म्हंतेत." पस्तीस वर्षं मीही म्हणत आले. लिओंला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात पुढच्या बाईनं पाव घेतला अन् दुकानदाराला म्हणाली, "मेर्सी." म्हणजे फ्रेंचमध्ये 'आभार'. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पावाकडे पाहत होते, पण कान लाल झाले होते.

व्हिसाचं फार सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले अन् माझे ठसे काही उमटेनात. भांडी, शेण, निंदण यात बोटांच्या रेघा कधीच्याच घासून गेल्या. खिडकीतल्या पोरीनं ओल्या कपड्यानं पुसून पुसून पाचव्यांदा मशीनवर टेकवली तेव्हा घेतले.

तर आन्सी. रविवार, १८ मे. त्याच दिवशी रोममध्ये नव्या पोपची पहिली मोठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. मुलाला त्या दिवशी ऑफिसचं काही निघालं. त्यानं आमची दोघांची तिकिटं फोनमध्ये घालून दिली. ह्यांनी त्याला तिकिटं कागदावरही छापायला लावली. मुलगा हसला. हे म्हणाले, "बेटा, मी तीस वर्षं तिकीट फाडले. फोन बंद पडते, कागद बंद नाई पडत." शिवाय त्यानं एका कागदावर फ्रेंचमध्ये लिहून दिलं की आम्हाला बॅसिलिकाला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चला, जायचं आहे, अन् संध्याकाळी परत स्टेशनला.

गाडी दोन तासांची. एक तास झाला तरी तिकीट तपासायला कोणी येईना. हे बेचैन. "असं कसं चालते बाप्पा? लोकं बिनतिकिटानं जात असतीन." मग उजव्या हाताला पाणी दिसायला लागलं. केवढं पाणी! रुळाला चिकटून, निळं, पलीकडे सरळ उभे डोंगर. मी म्हटलं, आलं आन्सी. गाडी एका स्टेशनात थांबत होती, मी पर्स घेऊन दारापर्यंत पोचलेही. ह्यांनी पाटीवरचं नाव कागदाशी अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. "अवं बस खाली. हे ते तळं नोहे." ते दुसरंच सरोवर होतं, बूर्जेचं, अन् स्टेशन एक्स-ले-बँ. आन्सीचं सरोवर अजून पुढे होतं. एका तासाच्या अंतरात दोन असली सरोवरं. आमच्याकडे वरूड-मोर्शीत हजार फूट बोअर मारूनही धूळ निघते, ते आठवलं अन् थोडा रागच आला, कोणाचा ते कळलं नाही.

आन्सीला उतरलो. डोंगरावर मे महिन्यात बर्फ. घरी फोन लावला तर तिकडे पारा चव्वेचाळीसवर, अन् मी इथं साडीवर स्वेटर, स्वेटरवर मुलाचं जॅकेट घालून. पायात बूट. असं ध्यान घेऊन जुन्या गावातून निघालो. तिथं रविवारी बाजार भरतो. गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या ओसऱ्या, खाली दुकानं. भाजी पाहिली की माझे पाय थांबतात. कांदा पाहिला, भाव पाहिला, पुढे गेले. चीज विकणाऱ्या माणसानं रब्लोशाँ नावाचं चीज सुरीच्या टोकावर चाखायला दिलं. वास असा की ह्यांनी रुमाल काढला. मी खाल्लं. वासाचा अन् चवीचा काही संबंध नव्हता, चव लोण्यासारखी.

बाजारातून नदी जाते, थियू नावाची. सरोवराचंच पाणी गावातून वाहत नेलेलं. मधोमध पाण्यात एक दगडी घर आहे, पुढून होडीसारखं निमुळतं. सगळे त्याचेच फोटो काढत होते. पूर्वी तो तुरुंग होता म्हणे. पाण्याचा तळ स्पष्ट दिसत होता, गोटे मोजता यावेत इतका. सरोवर नेहमीच असं नव्हतं, गावांची घाण त्यातच जायची. १९५७ मध्ये काठच्या गावांनी मिळून संस्था केली अन् सरोवराभोवती सांडपाण्याची वेगळी नळी फिरवली. आमच्या गावतळ्याची सभा तीन वेळा झाली, तिन्ही वेळा कोरम नव्हता.

बॅसिलिका गावाच्या वर, टेकडीवर. कागद दाखवला की लोक वर बोट करायचे. चढ असा की माझे गुडघे अन् ह्यांचा श्वास दोघंही बोलायला लागले. प्रत्येक वळणावर थांबून मी जपमाळेचे दहा मणी ओढायचे. मे हा मारियामातेचा महिना. गावात या दिवसांत रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जपमाळ असते, शेवटी गूळ-शेंगदाणे. यंदा आमच्या घरचा दिवस चुकला होता, तो मी त्या चढावर भरून काढला.

देऊळ राखाडी दगडाचं, उंच. फार जुनं नाही, १९२२ ला बांधायला घेतलेलं. दारात पोचले अन् सवयीनं बूट काढले. आमच्या चर्चमध्ये सगळे बाहेर चपला काढतात, आत सतरंजीवर बसतात, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पदर डोक्यावर घेतला अन् मोज्यांवर आत शिरले. फरशी अशी थंड की टाळूपर्यंत झिणझिणी गेली. मागून कोणीतरी दंडाला हात लावला. पांढऱ्या केसांच्या एक बाई, आमच्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. माझ्या पायांकडे बोट दाखवून मान हलवत होत्या. मला वाटलं, काही चुकलं. त्या बाहेर गेल्या, माझे बूट दोन बोटांत धरून घेऊन आल्या, अन् वाकून माझ्या बाकासमोर नीट जोडीनं ठेवले. मी "मेर्सी" म्हटलं. फ्रेंच म्हणून पहिल्यांदा म्हटलं. हे हळूच म्हणाले, "बाहीर चोरी जातीन म्हणून आणले असतीन."

मिस्सेला ह्यांनी डोकी मोजली. सवय आहे, गाडीत चढल्यासारखी. "एकसष्ट. त्यात आपल्या वयाच्या खालचे अकरा." एवढ्या मोठ्या जागेत एकसष्ट माणसं म्हणजे मोकळीच गाडी. आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी दाराबाहेर उभं राहावं लागतं. पण ते जे होते ते मनापासून गात होते, कोणी घड्याळ पाहत नव्हतं.

भाषा एक अक्षर कळत नव्हती अन् तरी कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, हे चुकलं नाही. वाचन झालं, शुभवर्तमान झालं, श्रद्धांगीकार झाला, सगळं जागच्या जागी. प्रार्थनेत पोपचं नाव येतं तिथं फादर "लेओं" म्हणाले अन् माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडचे फादरही त्याच आठवड्यात पहिल्यांदा हेच नाव घेत असतील. मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आलं. सगळे फ्रेंचमध्ये, आम्ही दोघं मराठीत. आमचं आधी संपलं. ते "आमेन" म्हणेपर्यंत आम्ही उगाच हात जोडून उभे. शांती देताना ती बूटवाली बाई दोन बाकं ओलांडून आली अन् हात हातात घेतला.

मिस्सा संपल्यावर समाधी पाहिली. संत फ्रान्सिस डी सेल्स एका बाजूला, संत जेन दुसऱ्या बाजूला. मुलानं छापून दिलेला कागद ह्यांनी चष्मा लावून मला वाचून दाखवला. फ्रान्सिस १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हात तेव्हा कॅल्व्हिनच्या प्रोटेस्टंट पंथाचं राज्य, त्यामुळे सगळा कारभार आन्सीहून. हे थांबले. "म्हंजे ऑर्डर निघाली, पण चार्ज भेटलाच नाई. जलमभर डेप्युटेशनवर." मला समाधीसमोर हसू फुटलं. त्याआधी तरुणपणी फ्रान्सिस प्रोटेस्टंट मुलुखात पाठवले गेले, लोक ऐकायला येईनात, म्हणून उपदेश कागदावर लिहून दाराखालून घरात सरकवायचे. म्हणून १९२३ पासून ते पत्रकारांचे आश्रयदाते संत. जेन ह्या चार लेकरांच्या विधवा. नवरा शिकारीत गोळी लागून गेलेला. या दोघांनी १६१० मध्ये आन्सीतच सिस्टरांचा नवा संघ काढला, ज्यात म्हाताऱ्या अन् तब्येतीनं नाजूक बायांनाही घेत. शेवटी हे बिशप वारले ते १६२२ मध्ये लिओंला, मठाच्या माळ्याच्या खोलीत.

एक गोष्ट मात्र कागदावर दोन ओळीतच होती अन् मी ह्यांना ती परत वाचायला लावली. मार्टिन नावाचा एक बहिरा-मुका तरुण होता. त्याला काही शिकवता येणार नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं. बिशपनी त्याला स्वतःजवळ ठेवलं, हातांच्या खुणा करून धर्म शिकवला अन् ख्रिस्तप्रसाद दिला. म्हणून ते बहिऱ्यांचेही संत. माझ्या अंगणवाडीत असाच एक पोरगा होता. खिचडी शिजली की पातेल्यावर डाव दोनदा वाजवायची माझी सवय, त्याला ते ऐकू यायचं नाही. मग मी त्याच्यासाठी हात तोंडाशी नेऊन खूण करायला लागले. नंतर सगळीच पोरं तशी खूण करायला लागली, भूक लागली की वर्गभर हात तोंडाशी. त्या पोराच्या आईची चिठ्ठी त्या तेवीसात होती. तिला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मी बराच वेळ उभी राहिले. मेणबत्ती लावली, दोन युरो, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये. ह्यांनी हिशेब केला पण बोलले नाहीत.

समाधीजवळ प्रार्थनेच्या कागदांसाठी पेटी होती. मी पिशवी काढली, रबर सोडलं, चिठ्ठ्या मूठमूठ आत टाकल्या. तेवढ्यात फादर आले. मिस्सेत दुरून दिसले होते, काळे, उंच, हसरे. ह्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, "आपला आहे, केरळचा नाई त आंध्राचा." ते निघाले आफ्रिकेतल्या बेनिनचे. फोनवर गुगल ट्रान्सलेट लावलं अन् बोलणं सुरू झालं. आम्ही बोलायचो मराठीत, फोन बोलायचा फ्रेंचमध्ये. मधूनच फोन काय सांगायचा देव जाणे, कारण फादर कधी कधी भलतीकडेच हसायचे.

ह्यांनी पणजोबांची गोष्ट सांगितली. दुष्काळ, फाटक, कण्या. 'कण्या' फोनला जमेना, मी खिचडीची खूण केली, हात तोंडाशी. फादरांना लगेच कळलं. मग ते म्हणाले, आमच्याकडे १८६१ मध्ये जे फादर आले ते लिओंहून. त्यांचा संघ ज्यांनी काढला ते ब्रेझिलाक नावाचे बिशप आधी हिंदुस्थानात कोइम्बतूरला होते. तिकडून परत येऊन त्यांनी १८५६ मध्ये लिओंला आफ्रिकेसाठी संघ काढला, स्वतः सिएरा लिओनला गेले अन् काही आठवड्यांतच पिवळ्या तापानं वारले. हे म्हणाले, "म्हंजे आमच्याकडून होऊन तुमच्याकडे गेले!" फोननं ते बरोबर सांगितलं असावं, कारण फादरांनी ह्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा हलला.

मी विचारलं, इथं कसे आले? म्हणाले, इथं फादर कमी पडतात, म्हणून आमच्या बिशपनी पाठवलं. थंडी सोसत नाही अन् रताळं-मिरची आठवते. ते पेटीकडे पाहून म्हणाले, यातलं एक तरी मला सांगा, मी प्रार्थनेत घेईन, वाचता तर येणार नाही. कोणतं सांगावं? मी सांगितलं, आंबिया बहार टिकू दे, फळगळ थांबू दे. फोननं ते काय केलं ठाऊक नाही. फादर गंभीरपणे म्हणाले, "संत्री?" अन् हातानं गोल केलं. मी म्हटलं हो, संत्री.

त्या जागेची गंमत अशी की आम्ही मनात काहीतरी वेगळंच घेऊन गेलो होतो. वाटलं होतं, तिथं कोणीतरी म्हणेल, अरे, तुम्ही वऱ्हाडाचे का, आमचे फादर तिकडे गेले होते. त्या बूटवाल्या बाईला फोनवर विचारलं, तिनं नागपूर कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला माहेरी आल्यासारखं वाटत होतं अन् माहेरात कोणी ओळखीचं नव्हतं. ओळख पटली ती बेनिनच्या माणसाशी.

खाली उतरून सरोवराच्या काठी बसलो. पोळी अन् तिळाची चटणी डब्यात होती, ती खाल्ली. जवळच एक लोखंडी पूल आहे, त्याचं नाव 'प्रेमाचा पूल'. ह्यांनी नाव वाचलं, अन् आम्ही त्यावरून पलीकडे गेलो अन् परत आलो. हात धरला नाही, पण माझी पर्स ह्यांनी घेतली.

परतीच्या गाडीत शेवटी तिकीट तपासनीस आलाच. माझा फोन गुगलशी बोलून बोलून बंद पडलेला. ह्यांनी वरच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, उलगडला, अन् असा पुढे केला जसा मागच्या तीस वर्षांत एकाही प्रवाशानं ह्यांना केला नसेल. तपासनीसानं पाहिलं, मान हलवली, पुढे गेला. ह्यांना पंच केलेला आवाज ऐकू आला नाही म्हणून थोडं वाईट वाटलं.

रात्री लिओंला पर्स रिकामी करताना दुधाची पिशवी निघाली. कोपऱ्यात ओलाव्यानं चिकटून एक चिठ्ठी राहिली होती. शेजारणीची. पोरीचं लग्न जमू दे. हे म्हणाले, "मोजून टाकाच्या होत्या ना." परत आन्सीला जाणं काही होणार नव्हतं. ठेवून दिली.

गावी आलो तेव्हा शेजारणीनं ओट्यावरूनच विचारलं, "टाकली नं वं चिठ्ठी?" मी हो म्हटलं. डिसेंबरात त्या पोरीचं लग्न जमलं. जावई दर्यापूरचा, बँकेत. पेढे घेऊन आली अन् म्हणाली, तुमच्या त्या बाबाचा हात लागला. बाकी बावीस जणांपैकी अजून कोणी पेढे आणले नाहीत, संत्र्याची गळ तर यंदा आणखी वाढली. हे म्हणतात, कन्फेशनला जाशील तेव्हा फादरला सांगून टाक. फादरला सांगेन, पण शेजारणीला कोण सांगेल? तिनं आता नातवासाठी दुसरी चिठ्ठी आणून ठेवली आहे. म्हणते, "पुढच्या खेपेला जासान तवा."